बारा लाख आणि दोनशे रुपये

अमळनेरहून जळगावला रोज गाडीनं अपडाऊन करणारे कामगार पगाराची चिठ्ठी फारशी वाचत नाहीत. खात्यात किती जमा झाले, तेवढं पाहतात. फेब्रुवारीच्या पगारात मात्र शंभर रुपये कमी येतात आणि डब्यात वाद सुरू होतो. कुणी म्हणतं ठेकेदारानं मारले, कुणी म्हणतं फंड वाढला. उत्तर साधं आहे. महाराष्ट्रात महिन्याला दहा हजारांहून जास्त कमावणाऱ्या पुरुषाच्या पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो आणि वर्षाची बेरीज २,५०० व्हावी म्हणून फेब्रुवारीत ३००. महिलांना २५ हजारांपर्यंत तो माफ आहे.

चटईच्या कारखान्यात बारा हजारांवर राबणारा वर्षाला २,५०० भरतो आणि मुंबईत महिना दहा लाख घेणारा मोठा साहेबही २,५०० च भरतो. राज्यघटनेच्या कलम २७६ नं ही कमाल मर्यादा घालून दिली आहे. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीपूर्वी ती २५० होती. आता गंमत पाहा. केंद्राचा आयकर नव्या पद्धतीत वर्षाला बारा लाख मिळवणाऱ्या पगारदाराला हात लावत नाही, आणि राज्याचा हा कर वर्षाला सव्वा लाख मिळवणाऱ्यालाही सोडत नाही. तरीही अर्थसंकल्पाच्या दिवशी टीव्हीवर आणि चौकात चर्चा होते ती फक्त बारा लाखांची.

या व्यवसाय कराची जन्मकथा सांगण्यासारखी आहे. तो आला १९७५ साली आणि एका ठरावीक कामासाठी आला. १९७२ चा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. खडी फोडायला, पाझर तलावावर माती टाकायला लाखो माणसं गेली होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापुरात आधी करून पाहिलेली कल्पना राज्यभर न्यायची ठरली: मागेल त्याला काम. पैसा कुठून आणायचा? शहरातल्या पगारदारानं, डॉक्टरनं, वकिलानं, व्यापाऱ्यानं कर द्यायचा, सरकारनं स्वतःच्या तिजोरीतून तेवढीच भर घालायची आणि त्या पैशातून खेड्यातल्या मजुराच्या चुलीची हमी घ्यायची. रोजगार हमी कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ ला लागू झाला. कर कुणी द्यायचा, कशासाठी आणि कुणाला, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं महाराष्ट्राच्या विधिमंडळानं एकमेकांना बांधून दिली होती.

ती गाठ पुढं सुटली. आज त्या डब्यातल्या एकाही कामगाराला आपले ३०० रुपये रोजगार हमी योजनेच्या (रोहयोच्या) नावानं सुरू झाले होते हे ठाऊक नाही, आणि रोहयोवर गेलेल्या त्याच्या आईलाही नाही. कर वेगळ्या खोलीत गेला आणि म्हातारपणाची, आजारपणाची, बेकारीची काळजी वेगळ्या खोलीत. दिल्लीत तर या दोन खोल्यांमध्ये दारच ठेवलेलं नाही.

गेल्या काही वर्षांतल्या तीन तारखा पाहू.

नवं आयकर विधेयक १३ फेब्रुवारी २०२५ ला लोकसभेत आलं. १९६१ चा कायदा जाऊन त्याच्या जागी नवा, सुटसुटीत कायदा येणार होता. कलमं ८१९ वरून ५३६, शब्द पाच लाखांवरून जेमतेम निम्मे, आणि ‘मागील वर्ष’ व ‘करनिर्धारण वर्ष’ या जोडीनं पिढ्यान् पिढ्या घातलेला घोळ मिटवून एकच ‘कर वर्ष’. बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालच्या ३१ सदस्यांच्या प्रवर समितीनं त्यावर बसून काम केलं, २१ जुलैला २८५ शिफारशींसह अहवाल दिला. सरकारनं जुनं विधेयक मागं घेतलं, सुधारलेलं आणलं. इथवर सगळं शहाण्यासारखं झालं. मग ११ ऑगस्टला बिहारच्या मतदारयाद्यांवरून सभागृहात गदारोळ चालू असताना ते मांडलंही गेलं आणि काही मिनिटांत मंजूरही झालं. साठ वर्षांपेक्षा जास्त काळ देशाच्या कमाईचा हिशेब ठेवणारा कायदा बदलला आणि लोकसभेत त्यावर धड एक भाषण झालं नाही. हा कायदा लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६.

दुसरी तारीख २३ सप्टेंबर २०२०. सामाजिक सुरक्षा संहिता राज्यसभेनं मंजूर केली तो दिवस. कामगार विमा, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, प्रसूती लाभ, असंघटित कामगार असे नऊ कायदे एका संहितेत आले. शेती विधेयकांवरून आठ खासदार निलंबित झाले होते आणि विरोधकांनी बहिष्कार घातला होता. पन्नास कोटी श्रमिकांचं नाव घेत आणलेली संहिता अर्ध्या रिकाम्या बाकांपुढं वाचली गेली.

तिसरी तारीख २१ नोव्हेंबर २०२५. त्या दिवशी ही संहिता लागू झाली, म्हणजे मंजुरीनंतर पाच वर्षं आणि दोन महिन्यांनी. एवढ्या घाईनं मंजूर केलेला कायदा पाच वर्षं कपाटात राहतो, तेव्हा घाई नेमकी कशाची होती हे विचारायला हवं. विरोधकांनाही विचारायला हवं. बहिष्काराची बातमी होते, पण कलमावर सुचवलेल्या दुरुस्तीला मत मिळवायचं तर बाकावर बसावं लागतं. आणि सरकारला गोंधळ नको असतो असं कोण म्हणतं? गोंधळात विधेयकं फार लवकर पुढं सरकतात.

अमळनेरकरांना हा विषय दिल्लीचा वाटत असेल, तर त्यांनी आपल्याच गावाकडं एकदा पाहावं. कर आणि म्हातारपण यांचं नातं इतक्या ठळकपणे दाखवणारं दुसरं गाव देशात सापडणं अवघड आहे.

महंमद हाशम प्रेमजी यांनी २९ डिसेंबर १९४५ ला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी, म्हणजे पुढची विप्रो, काढली आणि तिची वनस्पती तुपाची गिरणी अमळनेरला उभी राहिली, कारण शेंगदाणा खानदेशात होता. कंपनीचे शेअर बाजारात आले तेव्हा ते गावातल्याही अनेकांनी घेतले. १९६६ मध्ये वडील गेले आणि अझीम प्रेमजी स्टॅनफर्डहून परतले. तेलाची विप्रो संगणकाची विप्रो झाली. बोनसवर बोनस मिळत गेले, एका शेअरचे हजारो झाले. ज्यांनी ते विकले नाहीत, त्यांच्या घरात पुढच्या पिढीचं शिक्षण, लग्न, दवाखाना सगळं त्या कागदावर निघालं. अमळनेरच्या कित्येक घरांत विप्रोचा शेअर हीच पेन्शन आहे. भाऊबंदकीत शेतीच्या बांधापेक्षा डीमॅट खात्यावरून जास्त बोलाचाली झाल्याची घरंही इथं निघतील.

या घरांना आयकराच्या चर्चेचा अर्थ चांगला कळतो. दीर्घकालीन भांडवली नफा २००४ पासून करमुक्त होता. २०१८ मध्ये त्यावर दहा टक्के कर आला, पण ३१ जानेवारी २०१८ पर्यंत वाढलेली किंमत सोडून. जुलै २०२४ मध्ये दहाचे साडेबारा झाले आणि सूट एक लाखाची सव्वा लाख झाली. लाभांशावर २०२० पासून कंपनीऐवजी शेअरधारकाला कर भरावा लागतो. यातला प्रत्येक बदल या गावात सीएच्या टेबलावर लगेच पोचतो.

पण त्याच गावात प्रताप शेठ यांची प्रताप मिलही होती. साने गुरुजी ज्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत, ज्या प्रताप महाविद्यालयात आजही तालुक्यातली पोरं शिकतात, त्या नावामागची ही गिरणी. गिरणीत राबलेल्याच्या हाती शेअर नव्हते, मस्टरवर नाव होतं. खानदेशातल्या गिरण्यांत, बसस्थानकांत, सहकारी संस्थांत आयुष्य काढलेल्यांपैकी अनेकांना मिळते ती कर्मचारी पेन्शन योजनेची, म्हणजे ‘ईपीएस-९५’ची पेन्शन. १६ नोव्हेंबर १९९५ ला ती सुरू झाली. १ सप्टेंबर २०१४ पासून तिची किमान रक्कम महिन्याला १,००० रुपये आहे. ती तिथंच थांबली आहे. राज्यसभेच्या याचिका समितीनं, भगतसिंह कोश्यारी अध्यक्ष असताना, २०१३ मध्येच किमान ३,००० ची शिफारस केली होती. शेजारच्या बुलढाण्यात निवृत्त नौदल अधिकारी अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखाली या पेन्शनरांनी २०१८ च्या डिसेंबरपासून साखळी उपोषण धरलं. मागणी साडेसात हजार आणि महागाई भत्त्याची. संसदेत दर अधिवेशनात कुणी ना कुणी खासदार हा प्रश्न विचारतो आणि पेन्शन निधीत तूट आहे असं उत्तर घेऊन खाली बसतो.

एकाच गावात एकाला शेअर लागला, दुसऱ्याला मस्टर. नशिबाला इलाज नाही. पण विमा ही गोष्ट माणसानं नशिबाला इलाज म्हणूनच शोधली ना?

आता मार्च महिन्याकडं येऊ. अमळनेरच्या शिक्षकांना आठवत असेल, फेब्रुवारी संपत आला की एलआयसीचा एजंट स्टाफरूममध्ये येऊन बसायचा. दीड लाखाची मर्यादा भरायला वीस-पंचवीस हजार कमी पडत, तेवढ्याची पॉलिसी निघायची. पॉलिसी कसली आहे हे कुणी वाचत नसे, कर वाचला एवढं पुरे. कुणी पीपीएफमध्ये टाकायचं, कुणी राष्ट्रीय बचतपत्र घ्यायचं. करासाठी का होईना, म्हातारपणासाठी काही बाजूला पडायचं. सामाजिक विमा म्हणून आपल्या मध्यमवर्गाला खरोखर मिळालेली गोष्ट ही होती: आयकराचं ‘८० सी’ कलम.

नव्या करपद्धतीनं हा मार्च संपवला. दर कमी, सूट जास्त आणि वजावटी जवळपास बंद. मालकानं एनपीएसमध्ये भरलेल्या रकमेची वजावट राहिली, पण एलआयसीचा हप्ता, पीपीएफ, आरोग्य विमा यांचा लाभ गेला. पैसा तुमचा, तुम्ही ठरवा, असं सरकार म्हणतं. यात तथ्य आहे. कर वाचवायला घेतलेल्या कित्येक पॉलिस्या कुचकामी होत्या. पण वाचलेले पैसे म्हातारपणासाठी ठेवले जातील की मोबाइलच्या हप्त्यात जातील, आणि हप्त्यात गेले तर वीस वर्षांनी त्या माणसाचं काय, हा प्रश्न कर सुधारणेच्या चर्चेत मांडायलाच हवा होता. बचतीची काठी काढून घेतली, तिच्या जागी सक्तीचा किंवा सार्वत्रिक पेन्शन विमा आणला नाही. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५५-५६ मध्ये आयुर्विमा कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणावर संसदेत खडाजंगी झाली होती. फिरोज गांधींनी सत्ताधारी पक्षाच्या बाकावरून विमा कंपन्यांच्या हिशेबाची चिरफाड केली होती. १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी उभी राहिली ती त्या वादातून. आयुर्विम्याचे पैसे कुणाच्या हाती असावेत यावर तेव्हा दिवस दिवस बोललेलं सभागृह आता त्या पैशावरची करसवलत जाताना पाहतही नाही.

सरकारी नोकरांनी आपली लढाई सभागृहाबाहेर लढली. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या महाराष्ट्रातल्या कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन गेली. मार्च २०२३ मध्ये त्यांनी आठवडाभर राज्य बंद पाडलं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं एकीकृत पेन्शन जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी राज्यानं ती उचलली. संघटना असली की हे असं होतं. कापूस वेचणाऱ्या बाईची संघटना नाही. तिला मजुरी किलोवर मिळते.

तिच्यापर्यंत आयकर येतो तो वेगळ्याच दारानं. ‘लाडकी बहीण’ योजनेच्या अटींत कुटुंबात कुणी आयकरदाता नसावा, असं आहे. पीएम किसानचे सहा हजार आयकर भरणाऱ्याला मिळत नाहीत. अटल पेन्शन योजनेत १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकरदात्याला नवं खातं उघडता येत नाही. म्हणजे ज्याचा आयकराशी कधी संबंध आला नाही, त्याच्या घरातही आता आयकर हा धास्तीचा शब्द झाला आहे. बँकेनं टीडीएस कापला, परतावा मागायला रिटर्न भरावं तर बायकोचे दीड हजार बंद होतील का, अशी शंका घेऊन माणसं सेतू केंद्रात येतात. रिटर्न भरणं वेगळं आणि कर देणं वेगळं, हे समजावून सांगणारं कुणी नसतं. ‘आमले काय भेटनं?’ हा त्यांचा प्रश्न असतो, आणि तो चुकीचा नाही.

वयाचा हिशेब तर आणखी मजेशीर. लाडक्या बहिणीसाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत हवं आणि वय ६५ पर्यंत. महिना १,५०० रुपये. ६५ ओलांडली की तिनं श्रावणबाळ योजनेकडं जायचं. तिथंही महिना १,५०० च, पण उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये. साठ हजार उत्पन्नाच्या घरातली बाई चौसष्टाव्या वर्षी गरीब असते, पासष्ट सरलं की एका रात्रीत श्रीमंत होते. मग ती २१ हजारांच्या आतला दाखला मिळवायला तलाठी कार्यालयात खेटे घालते, आणि तो दाखला खरा नसतो हे देणाऱ्यालाही माहीत असतं आणि घेणाऱ्यालाही. गावात याला ‘निराधारचे पैसे’ म्हणतात. १९८० साली बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना संजय गांधी निराधार योजना आली, तेव्हापासून हा शब्द घरोघरी आहे.

आणि यात दिल्लीचा वाटा किती? दारिद्र्यरेषेखालच्या साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धाला केंद्र इंदिरा गांधी वृद्धापकाळ पेन्शनपोटी महिन्याला २०० रुपये देतं. ही रक्कम निदान २००७ पासून हललेली नाही. ग्रामविकासाच्या संसदीय स्थायी समितीनं ती वाढवा असं पुन्हा पुन्हा लिहून दिलं. दोनशे रुपयांत आज अमळनेरच्या बाजारात आठवडाभराचा भाजीपालाही येत नाही.

संसद हलूच शकत नाही असं मात्र नाही. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात घर-जमीन विकताना मिळणारा महागाई निर्देशांकाचा लाभ काढून टाकला गेला. शहरी मध्यमवर्गात ओरड झाली. ७ ऑगस्टला लोकसभेनं दुरुस्ती केली: २३ जुलैपूर्वी घेतलेल्या मालमत्तेसाठी जुना किंवा नवा, हवा तो पर्याय घ्या. पंधरा दिवसांत. त्याच सुमारास आणखी एक प्रकरण नागपुरातून पेटलं. एलआयसी कर्मचाऱ्यांच्या संघटनेचं निवेदन घेऊन नितीन गडकरी यांनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं, की विम्याच्या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आयुष्याच्या अनिश्चिततेवरच कर लावणं आहे. विरोधकांनी ते पत्र हातात घेऊन संसदेच्या आवारात निदर्शनं केली. सत्तेतल्या मंत्र्याचं पत्र विरोधकांच्या फलकावर, असं दृश्य रोज दिसत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. घर विकणाऱ्याला पंधरा दिवस, विमा घेणाऱ्याला चौदा महिने. दोनशे रुपयेवाल्याला अठरा वर्षं होऊन गेली, अजून तारीख नाही.

पैसा नाही, हे कारण हिशेबात बसत नाही. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पानं बारा लाखांपर्यंत कर माफ केला तेव्हा सरकारनं स्वतः सांगितलं की यात सुमारे एक लाख कोटी सोडावे लागतील. त्याच अर्थसंकल्पात वृद्ध, विधवा आणि अपंग यांच्या पेन्शनसह पूर्ण राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रमाला ९,६५२ कोटी होते. केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन घेणारे देशात सुमारे २.२ कोटी आहेत. दोनशेचे एक हजार करायचे तर वर्षाला सुमारे २१ हजार कोटी जादा लागतात, म्हणजे करमाफीत सोडलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा. मध्यमवर्गाला दिलेली सूट काढून घ्या असं कुणी म्हणत नाही. पगारदाराचा एक एक रुपया टीडीएसमध्ये कापला जातो, रावेर-यावलच्या केळीच्या बड्या बागायतदाराचं शेतीउत्पन्न आयकरातून पूर्ण बाहेर असतं, आणि पगारदाराची ही चीड खरी आहे. यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री होते त्या काळात सर्वांत वरच्या टप्प्याला अधिभारासह ९७.७५ टक्के कर पोचला होता, तिकडंही कुणाला परत जायचं नाही. म्हणणं एवढंच की एका दिवसात एक लाख कोटी सोडता येतात, तर २१ हजार कोटी देता येतील की नाही यावर अर्धा दिवस बोलता तरी यावं.

हे दोन विषय जोडून बोलण्याची रीत मराठी माणसांनीच या देशाला शिकवली होती. नारायण मल्हार जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचं विधेयक आणलं. ते फेटाळलं गेलं. १९२८ मध्ये तसंच विधेयक मुंबई कौन्सिलात आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं उभे राहिले आणि बाळंतपणाचा हा भार काही प्रमाणात सरकारनंही उचलावा, कारण त्यात साऱ्या समाजाचं हित आहे, असं त्यांनी मांडलं. १९२९ चा मुंबईचा कायदा देशातला पहिला ठरला. त्याच्या आधी, १९२७ च्या मुंबईच्या अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी एक विसंगती दाखवली होती: आयकराला किमान उत्पन्नाची मर्यादा आहे, पण शेतसारा मात्र दोन एकरवाल्यालाही माफ नाही. व्यवसाय कराच्या २,५०० रुपयांकडं पाहिलं की तो युक्तिवाद शंभर वर्षं जुना वाटत नाही. पुढं ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री असताना प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडं आरोग्य विम्याची योजना सोपवली गेली. इंग्लंडमध्ये बेव्हरिज अहवाल नुकताच गाजत होता, म्हणून आडारकरांना ‘छोटा बेव्हरिज’ म्हणत. त्यांच्या १९४४ च्या अहवालातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. आणि अमळनेरात १९३८ च्या सुमारास अतिवृष्टीनं पिकं गेली तेव्हा साने गुरुजी ‘काँग्रेस’ साप्ताहिकातून आणि गावोगावच्या सभांतून शेतसारा माफीसाठी झगडत होते. करात सूट मागणं आणि उपाशी घराला आधार मागणं ही त्यांच्या लेखी एकच गोष्ट होती.

असंघटितांना विमा देता येत नाही, हे तर महाराष्ट्रात कुणी बोलूच नये. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ मध्ये माथाडी कायदा आला. बाजार समितीत पोतं उचलणाऱ्या हमालाला एक मालक नसतो, दिवसाला दहा असतात. कायद्यानं प्रत्येक मालकाकडून मजुरीबरोबर लेव्ही घेतली, ती मंडळात जमा केली आणि हमालाला भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना दिला. ॲपवरून पार्सल पोचवणाऱ्या पोरासाठी नव्या संहितेत कंपनीच्या उलाढालीतून एक ते दोन टक्के घ्यायचं कलम आहे, ते माथाडीचंच नातवंड म्हणायला हरकत नाही. पण कायद्याची नीट राखण झाली नाही की काय होतं तेही इथंच दिसतं. बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर घेऊन बांधकाम कामगारांचं मंडळ चालतं. विम्यासाठी, पेन्शनसाठी गोळा झालेल्या त्या पैशाची महाराष्ट्रातली सर्वांत ठळक ओळख कोणती, तर भांड्यांचा संच आणि पेटी. ‘बांधकामाचं कार्ड’ काढायला ज्यांनी कधी थापी हातात धरली नाही तेही रांगेत असतात, आणि स्लॅबवरून पडलेल्या मिस्त्रीच्या घरी कुकर असतो.

डिसेंबर २०२५ मध्ये मनरेगाच्या जागी नवा कायदा आला तेव्हा लोकसभा मध्यरात्रीपर्यंत बसली, हे नोंदवायला हवं. दिवस १०० चे १२५ झाले, पण खर्चाचा ४० टक्के भार महाराष्ट्रासारख्या राज्यांवर आला. आता त्या ४० टक्क्यांसाठी राज्य पैसा कुठून आणणार हा प्रश्न विधिमंडळात येईल, तेव्हा १९७५ च्या व्यवसाय कराची फाइल पुन्हा उघडावी. बारा हजारवाल्याला त्यातून सोडावं आणि महिना दहा लाखवाल्याकडून २,५०० च का घेतो हे संसदेला विचारावं, कारण मर्यादा घटनेत आहे आणि ती संसदेनंच घातली आहे.

खानदेशातल्या तीन खासदार महिला आहेत: जळगावच्या स्मिता वाघ, रावेरच्या रक्षा खडसे, धुळ्याच्या शोभा बच्छाव. पहिल्या दोघी भाजपच्या, तिसऱ्या काँग्रेसच्या. स्मिता वाघ तर अमळनेर तालुक्यातल्याच. रक्षा खडसे केंद्रात राज्यमंत्री असल्यानं त्यांना प्रश्न विचारता येणार नाही, पण बाकी दोघींना येईल. लोकसभेत दिवसाला वीस तारांकित प्रश्न निवडले जातात आणि मंत्र्याला त्यांची तोंडी उत्तरं द्यावी लागतात. एक सत्तेच्या आणि एक विरोधाच्या बाकावरच्या खानदेशी बाईनं एकाच दिवशी एकच प्रश्न टाकावा: आयकराची सूट बारा लाखांवर नेताना वृद्धापकाळ पेन्शनचा केंद्राचा वाटा दोनशे रुपयांवर ठेवण्याचा निर्णय कुणी, कधी आणि कोणत्या कागदावर घेतला?